आयटी पार्कातली आडवी सायकल

चंडीगडचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रॉक गार्डन, सुखना तलाव, गुलाबांची बाग. आमच्याकडे पाहुणे आले की आम्हीही त्यांना तिथेच नेतो. पण आज मी तुम्हाला अशा जागी नेणार आहे, जिथे पाहुणे कधीच जात नाहीत. चंडीगडचा आयटी पार्क, रविवारची सकाळ, वेळ सहा-सव्वासहाची.

शहराच्या पूर्व टोकाला, मनीमाजरा आणि किशनगड या जुन्या वस्त्यांना लागून हा पार्क आहे. कागदोपत्री नाव राजीव गांधी चंडीगड टेक्नॉलॉजी पार्क. २४ सप्टेंबर २००५ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी त्याचं उद्घाटन केलं. रिक्षावाल्याला एवढं लांबलचक नाव सांगत बसू नका, नुसतं 'आईटी पार्क' म्हणा, तो आणून सोडेल. सोमवार ते शुक्रवार इथे गाडी लावायला जागा मिळत नाही. टपऱ्यांवर चहा आणि ब्रेडपकोडा, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली, आणि त्या गर्दीत मध्येच एखादं 'अरे, चल ना लवकर' कानावर पडतं. आपली पोरं कुठे नाहीत!

रविवारी मात्र सगळं सामसूम. रस्ते रुंद, सपाट आणि मोकळे. उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या. ऑक्टोबर असेल तर सप्तपर्णीचा तो जड, गोड वास, जो काहींना आवडतो आणि काहींचं डोकं उठवतो. माझं उठवतो.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी या पार्कातली, म्हणून आम्ही मनीमाजऱ्यात घर घेतलं. मी सांगतेय ती गोष्ट आम्ही इथे येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची. एका संध्याकाळी ताईचा फोन आला. "तुझी भाची येतेय तिकडे. कॉलेजची टीम आहे, सायकलची शर्यत आहे म्हणे. चार-पाच दिवस आधी येतील. सात जणं आहेत, जमेल ना गं?"

सात जणांचं मी जमवलं. सायकलीचं काय करायचं, हे मात्र ती खोकी उघडेपर्यंत मला कळलं नव्हतं.

खोक्यातून काय निघालं

रेल्वेच्या पार्सलमधून आलेली खोकी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उघडली आणि दोन तासांत मुलांनी जे उभं केलं, त्याला सायकल म्हणायला माझी जीभ वळेना. तीन चाकं, दोन पुढे आणि एक मागे. मध्ये शेजारी शेजारी दोन सीट, आरामखुर्चीसारख्या मागे रेललेल्या. पॅडल खाली नाहीत, समोर. बसणाऱ्याने पाय पुढे पसरून ती ढकलायची. चेन इतकी लांब की साध्या सायकलीच्या दोन-तीन चेन जोडल्यासारखी. मागे बॅटरी आणि एक छोटी मोटर. आणि या सगळ्यावर एक उंच काठी, तिला केशरी झेंडा. तो शोभेचा नव्हता. माणूस एवढा खाली बसतो की झेंडा नसेल तर ट्रकवाल्याला तो दिसणारच नाही.

अशा रेलून चालवायच्या सायकलीला 'रिकम्बंट' म्हणतात. आणि ज्या स्पर्धेसाठी पोरं आली होती तिचं नाव 'एफिसायकल'. एसएई इंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था, तिच्या उत्तर विभागाने २०१० मध्ये ती सुरू केली. अट अशी की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः तीन चाकी गाडी बनवायची, दोघांनी शेजारी बसून ती पॅडल मारत चालवायची आणि मदतीला बॅटरीवरची मोटर ठेवायची. ब्रेकची परीक्षा, वेग घेण्याची परीक्षा, वळणांची परीक्षा आणि शेवटी सगळ्यांची एकदम लांबलचक शर्यत. पुढे ही स्पर्धा जालंधरजवळच्या लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटीत भरू लागली. सुरुवातीच्या वर्षांत मात्र ती आमच्या चंडीगडमध्येच, पंजाब विद्यापीठाच्या यूआयईटी या संस्थेच्या आवारात व्हायची. ते सेक्टर २५ मध्ये आहे. आयटी पार्कापासून मध्य मार्ग धरून गेलं की दहा-बारा किलोमीटर.

तुम्हाला वाटेल ही नव्या जमान्याची टूम असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण या गाडीची आजी शोभेल अशी एक गाडी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होती, आणि ती एका आईच्या काळजीतून जन्मली. शार्ल मोशे नावाच्या कारागिराच्या बायकोला वाटायचं, आपल्या मुलासाठी सायकल फार धोक्याची, पोरगं पडेल. म्हणून मोशेने मुलाला चार चाकांची, पॅडलवर चालणारी छोटी मोटार करून दिली. ती बघून मोठी माणसंही मागायला लागली. मग त्याने दोघांनी शेजारी बसून चालवायची 'वेलोकार' बनवली. पेट्रोल नको, नवरा-बायकोने मिळून पाय मारायचे. (यात निम्म्या वाटेत कोण पाय मारायचं थांबवत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.)

पुढे मोशेने दोन चाकांची आडवी सायकल केली. ७ जुलै १९३३ ला पॅरिसच्या वेलोड्रोममध्ये फ्रान्सिस फोर नावाचा स्वार तिच्यावर बसला. तो काही पहिल्या फळीतला स्वार नव्हता. तरी त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून कुणाला न मोडता आलेला विक्रम मोडला. झालं, गोंधळ उडाला. ही सायकल धरायची की नाही? पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, सायकलिंगच्या जागतिक संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याची नवी व्याख्या केली आणि रेललेल्या सायकली शर्यतीबाहेर गेल्या. मोशे त्याच वर्षी वारला. आजही मोठ्या शर्यतींत ही सायकल चालत नाही. तिच्यासाठी वेगळ्या स्पर्धा असतात.

हिचा वेग कशात आहे, ते भाचीने मला जेवताना समजावलं. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलं की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. ताठ बसलेला माणूस हवेला भिंतीसारखा आडवा येतो. रेललेला माणूस तिच्याखालून निघून जातो. चढावर मात्र हिची फजिती होते, कारण पॅडलवर उभं राहून अंगाचा भार टाकता येत नाही. चंडीगड त्या दृष्टीने सोयीचं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण हे सगळं गाव डोंगरापासून नैऋत्येकडे अगदी हलकं उतरत जातं. आयटी पार्कातून विद्यापीठाकडे जाताना पाय कमी मारावे लागतात आणि परत येताना तेवढेच जास्त. सायकलवाल्यांना हे ठाऊक असतं, गाडीवाल्यांना नाही.

उशी

शनिवारी गाडी जोडली आणि रविवारी पहाटे आम्ही ती आयटी पार्कात नेली. मी चहाचा थर्मास घेऊन पदपथावर बसले. ठरलं होतं ते असं: चौघं चालवणार, दोन जोड्यांनी, पाळीपाळीने. बाकीचे तिघं दुरुस्तीला.

पहिली जोडी सुटली. कप्तान आणि त्याच्या शेजारी दुसरा एक उंच मुलगा. कप्तान सहा फुटांना अर्धा इंच कमी. काय सुरेख चालली गाडी! वळणावर दोघं एकदम आतल्या बाजूला कलायचे, दुचाकीवर मागे बसलेला माणूस कलतो तसे. तीन चाकी गाडी जोरात वळली की आतलं चाक उचलायला बघते, म्हणून अंग आत टाकावं लागतं. दोघांपैकी एकाने टाकलं आणि एक ताठ राहिला तर उपयोग नाही.

एका कंपनीच्या फाटकावरचे सुरक्षारक्षक, एक उंचेपुरे वयस्कर सरदारजी, खुर्ची सोडून रस्त्यावर आले. "ए की चीज ए जी?" मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ते हसून म्हणाले, "मंजी नूं पहिये ला दित्ते!" म्हणजे खाटेला चाकं लावली की हो! तेव्हापासून आमच्या घरात त्या गाडीचं नाव मंजीच पडलं.

मग दुसरी जोडी. माझी भाची आणि तिचा एक वर्गमित्र. भाची चार फूट अकरा इंच. ती बसली आणि पाय पॅडलपर्यंत पोचलेच नाहीत.

साध्या सायकलीवर अशी वेळ आली तर आपण काय करतो? थोडं पुढे सरकतो, कंबर इकडे-तिकडे झुकवतो, नाहीतर सरळ उभं राहून पॅडल मारतो. मुलगी वडिलांची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायची, ते दिवस आठवतात ना? आडव्या सायकलीवर यातलं काहीही चालत नाही. इथे पाय ज्या जोराने पॅडल पुढे ढकलतात, त्याच जोराने पाठ सीटला मागे रेटते. पाठ टेकलेली नसेल तर जोर लावायचा कशाच्या आधारावर? आणि सीट तर कप्तानाच्या पायांच्या मापाने बसवलेली. पुढे-मागे करायला खाचा होत्या, पण चार-पाच सेंटिमीटरपुरत्या, आणि त्याही पान्हा घेऊन चार बोल्ट सैल करायचे तेव्हा. भाचीला हवी होती त्याच्या तिप्पट जागा.

"कॉलेजात चालवलं नव्हतंस का?" मी विचारलं.

"उशी लावून चालवलं होतं, मावशी."

मग उशी आली. माझ्या दिवाणावरची, कशिद्याची. ती पाठीमागे ठेवून भाचीने तीन फेऱ्या मारल्या. गाडी चालली, पण कशी तर बैलगाडीसारखी. तिचा निम्मा जोर उशीच खात होती. वळणावर उशी सरकली, पाय पॅडलवरून निसटला आणि चेन उतरली. ती लांब चेन परत चढवायला अर्धा तास गेला. हात काळे, उशीही काळी.

कप्तान माझ्या देखत तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तू दुरुस्तीला थांब. तुझ्याऐवजी आपल्यातलं दुसरं कुणीतरी चालवेल." आवाज चढवला नाही त्याने. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो हिशेबाने बोलत होता. वर्षभर सात जणांनी राबून, वर्गणी काढून गाडी केली होती. उशीपायी ती हरवायची का?

घरी आल्यावर भाची गॅलरीत मोजपट्टी घेऊन बसली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "चेनची सगळी वाट मी आखली, मावशी. कुठल्या कप्पीवरून जाईल, कुठे नळीतून जाईल, सगळं. सहा महिने. आणि सीट लावताना मीच पट्टी धरून उभी होते. तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही की माझे पाय कुठे पोचणार आहेत ते बघा."

"का नाही निघाला?"

"सगळे घाईत होते. आणि मला वाटलं, जमवू काहीतरी."

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर तुम्हाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. मला तर माझ्याच स्वयंपाकघराचा ओटा आठवला. घर घेतलं तेव्हा तो एवढा उंच होता की पोळ्या लाटताना माझे खांदे भरून यायचे. दोन वर्षं मी पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या. 'जमवू काहीतरी.'

या गावाशी त्याचा एक गमतीचा संबंध आहे. चंडीगड ज्याने आखलं तो वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए, त्याने इमारतींची मापं ठरवायला 'मॉड्युलर' नावाची पद्धत काढली होती. एक आदर्श माणूस घ्यायचा आणि त्याच्या उंचीवरून दारं, खिडक्या, छतं ठरवायची. आधी तो माणूस १७५ सेंटिमीटरचा होता. मग तो १८३ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा फुटांचा झाला. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात! सुखना तलावाजवळचं उच्च न्यायालय, विधानभवन, सचिवालय, सगळ्यांत तो सहा फुटी माणूस मुरलेला आहे. मी हे भाचीला सांगितलं, म्हटलं जरा हसेल.

ती हसली. म्हणाली, "म्हणजे कप्तान इथलाच म्हणायचा."

मोटर मार्केट

तोडगा सापडला तो आमच्याच गाडीत, आणि तो शोधण्यात माझा काडीचाही हात नाही. संध्याकाळी नवरा मुलांना छोले-भटुरे खायला घेऊन निघाला. भाची पुढे बसली. तिच्या आधी त्या सीटवर त्यांच्यातला उंच मुलगा बसून गेला होता, त्यामुळे सीट पार मागे. तिने सवयीने खाली हात घातला, दांडी ओढली आणि खाडकन सीट पुढे घेतली. आणि तशीच थबकली. मग पुन्हा मागे. पुन्हा पुढे. नवऱ्याला वाटलं पोरीला काय झालं.

"काका, ही अशी सीट कुठे मिळते?"

मनीमाजऱ्याचं मोटर मार्केट तुम्ही कधी पाहिलं नसेल. चंडीगड म्हटलं की सगळं आखीव-रेखीव, पण मनीमाजरा तसं नाही. ते चंडीगडच्या आधीचं गाव आहे, त्याला स्वतःचा किल्ला आहे आणि गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत. मोटर मार्केटमध्ये गाड्यांचं काहीही मिळतं. नवं, जुनं, जुन्याचं नवं केलेलं. सायकलीचं सामानही मुबलक, कारण देशातल्या सायकली जिथे मोठ्या संख्येने बनतात ते लुधियाना इथून शंभरेक किलोमीटरवर. सोमवारी आम्ही सगळे तिथे गेलो. भंगारातल्या मारुती ८०० च्या सीटखालची सरकपट्टी मिळाली. दोन लोखंडी रूळ, मध्ये दात आणि एक दांडी.

आता वाद झाला तो वजनावरून. या गाड्यांत ग्रॅम-ग्रॅम मोजतात. भोकं पाडून वजन कमी केलेल्या फ्रेमला ही दोन-अडीच किलोची पट्टी लावायची म्हणजे कप्तानाच्या जिवावर आलं. वेल्डिंगच्या दुकानाबाहेर भर रस्त्यात सात जणं भांडत होती. मी मध्ये पडले नाही. पडावंसं वाटत होतं.

भाचीने एकच विचारलं. "जोडी बदलायला आपल्याला किती वेळ लागतो?" कुणीतरी म्हणालं, चार बोल्ट काढून सीट सरकवून परत बसवायला तीन-चार मिनिटं. म्हणून तर सीट हलवायचीच नाही असं ठरलं होतं. "आणि दांडी ओढून?"

दुकानाच्या उस्तादांना मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि आम्ही कुठले ते विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले, "अच्छा, भगत नामदेव जी दे पासों!" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत पट्टी उचलून फ्रेमला लावून बघू लागले. पंजाबात नामदेवांचं नाव असं कधीही, कुठेही निघतं. पैसे मात्र त्यांनी चोख घेतले. एकाच सीटला पट्टी बसली, डावीकडच्या. दुसरी लावायला ना वजनात जागा होती, ना खिशात.

ट्रॅकवर

मंगळवारी पहाटे पुन्हा आयटी पार्क. यावेळी मी घड्याळ धरलं होतं. एक उतरला, दुसरी बसली, दांडी, खाड. अकरा सेकंद. पुन्हा केलं, नऊ सेकंद. उशी घरीच होती, भिजत घातलेली.

आणि तिची पाठ टेकल्यावर काय फरक पडला, ते बघायला तुम्ही तिथे हवे होतात. बारकी माणसं आडव्या सायकलीवर हवेला कमीच अडतात. तिने शेजाऱ्याच्या पायाशी पाय जुळवला. सुरुवातीला तो भराभर मारत होता आणि ती मागे पडत होती, तेव्हा गाडी धक्के खात होती. मग तिनेच मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, एक-दोन, एक-दोन, शाळेच्या कवायतीसारखं. कंपन्यांच्या त्या काचेच्या इमारतींमध्ये तो आवाज घुमत होता.

गुरुवारी मंजी छोटा हत्तीवर चढवून सेक्टर २५ ला नेली. तपासणीत फ्रेम, ब्रेक, पट्टे सगळं बघतात. वेल्डिंगवर परीक्षकाने दोनदा हात फिरवला, पट्टी पुढे-मागे करून पाहिली आणि पुढे गेला. मी श्वास सोडला.

लांब शर्यतीच्या दिवशी आवारात आखलेल्या ट्रॅकवर इतक्या तऱ्हेच्या मंज्या होत्या की बघतच राहावं. देशभरातून आलेल्या. कुणाची वळणावर उलटायला आलेली, कुणाचं चाक गाडी सोडून एकटंच पुढे निघालेलं. आवाज सगळ्या भाषांतला. गटाने आळीपाळीने सायकल पळवायची ही रीत जगभर आहे. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' अशीच ९ दिवसांच्या आत पूर्ण केली, साध्या सायकलींवर. त्याच शर्यतीत १९८९ साली चौघांच्या एका गटाने कवच घातलेली आडवी सायकल पळवून अमेरिका ५ दिवस आणि १ तासात पार केली होती. आणि ऑस्ट्रेलियात मेरीबरो नावाच्या गावात १९९१ पासून शाळकरी मुलं स्वतःच्या पॅडलगाड्या घेऊन रात्रंदिवस पाळ्या लावून पळवतात. तुमच्यापैकी कुणाची नातवंडं मेलबर्नकडे असतील तर विचारून बघा, त्यांच्या शाळेची टीम असेलही.

आमची शर्यत अशी झाली. पहिली जोडी छान पळाली, कदाचित जरा जास्तच छान, कारण त्यांनी मोटर भरपूर वापरली. पहिल्या बदलाला दांडी ओढली, खाड, आणि शेजारच्या टीमची पोरं अजून पान्हा शोधत होती तेव्हा आमची गाडी निघूनही गेली होती. मग चेन उतरली. उतरायचीच होती. पण ती कुठे अडकते ते ज्या मुलीला झोपेतही माहीत होतं, तीच सीटवर होती. खाली उतरून दोन मिनिटांत तिने ती चढवली.

शेवटच्या टप्प्यात बॅटरी संपली. आता नुसते पाय. कप्तानाच्या जोडीदाराच्या पोटरीत गोळा आला होता, तो उतरला. पाळी दुसऱ्या मुलाची होती, पण तोही दमलेला. कप्तानाने मागे न बघता हात वर केला आणि भाचीला हाक मारली. ठरलेल्या जोड्यांत ही जोडी कधीच नव्हती. सहा फूट आणि चार फूट अकरा इंच, शेजारी शेजारी. तिने दांडी ओढली. मी ट्रॅकच्या कडेला उभी होते. मला एवढंच ऐकू आलं, ती मोजत होती, आणि थोड्या वेळाने तोही मोजायला लागला.

निकालाच्या यादीत आमचा नंबर कुठेतरी मधोमध लागला. बक्षीस नाही. पण शर्यत पूर्ण केलेल्यांत नाव होतं, आणि ते पुष्कळांना जमलं नव्हतं.

तुम्ही कधी इकडे आलात तर रविवारी आयटी पार्कात सायकल घेऊन या. साधी चालेल. चंडीगडच्या मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींच्या वेगळ्या वाटा आहेत. रस्त्यांच्या मूळच्या सात प्रकारांत सायकलीच्या वाटेचा आठवा प्रकार मागाहून जोडला गेला. कुठे त्यावर गाड्या उभ्या असतात, कुठे झाडाची मुळं वर आलेली असतात, तरी आपल्याकडच्या मानाने चैनच. इथून सुखना तलाव जवळ आहे. बांधावर सायकल नेऊ देत नाहीत, ती बाहेर लावून चालत जा. आणि कुठे रिकम्बंट चालवायची संधी मिळाली तर आधी सीट मापाची करून घ्या. पाय पुढे गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पूर्ण ताठ नको, आणि पाठ पक्की टेकली पाहिजे. पाठदुखीवाल्यांना आणि वयस्कर माणसांना ही तीन चाकी बैठक फार मानवते, तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. फक्त झेंड्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

परत जायच्या आधी मुलांनी एक काम केलं. रविवारी पहाटे मंजी पुन्हा आयटी पार्कात आणली, त्या फाटकासमोर. सरदारजी रात्रपाळी संपवून निघतच होते. आधी नाही-नाही म्हणाले, मग काठी खुर्चीला टेकवली, पगडी दोन्ही हातांनी नीट केली आणि डाव्या सीटवर बसले. गुडघे थेट छातीला लागले. भाची खाली वाकली आणि दांडी ओढून तिने सीट शेवटच्या दातापर्यंत मागे सोडली.